घरी घडवलेलं टर्नटेबल: सुरुवात स्पीकरपासून करा

कपाटात आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातल्या रेकॉर्ड्स जपून ठेवल्या आहेत, पण त्या वाजवायला यंत्र नाही, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाट्यपदं, भावगीतं, शास्त्रीय गायनाच्या मैफली, सगळं त्या काळ्या तबकड्यांत तसंच पडून असतं. दुकानातून यंत्र आणणं हा सोपा मार्ग आहेच. पण ज्यांना हातात पेचकस धरायला आवडतो, वस्तू उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी दुसराही मार्ग आहे: संपूर्ण ध्वनियंत्रणा स्वतः घडवायची.

हे काम वाटतं तितकं अवघड नाही. यंत्रणेतल्या प्रत्येक भागाला एकच ठरलेलं काम असतं आणि ते काम नीट होतंय की नाही, हे मोजून पाहता येतं. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा: जे मोजता येतं ते घरी करा, ज्याला सूक्ष्मदर्शक लागतो ते विकत घ्या. हिऱ्याची सुई आणि ती धरणारी कार्ट्रिज विकत घ्यायची. पेटी, ॲम्प्लिफायर, बैठक, प्लॅटर (रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती चकती) आणि सवड असेल तर टोनआर्मसुद्धा (कार्ट्रिज धरणारी दांडी) घरी होतो.

दुसरा नियम क्रमाचा आहे. बहुतेक जण उत्साहाने आधी टर्नटेबलच करायला घेतात. ते वाजलं नाही किंवा त्यातून घूं घूं आवाज आला, तर दोष कुठे आहे हे कळत नाही, कारण साखळीतली प्रत्येक कडी नवीनच असते. म्हणून उलटीकडून निघा. आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, मग कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प आणि सर्वांत शेवटी टर्नटेबल. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट नवी असेल आणि आधीच्या तपासलेल्या गोष्टींवर ती पारखता येईल. शिवाय एखादा जुना ॲम्प्लिफायर हाताशी असेल, तर पहिल्या टप्प्यापासूनच घरात गाणं वाजू लागतं, त्यामुळे उत्साह टिकतो.

पहिला टप्पा: स्पीकरची पेटी

पहिल्या जोडीसाठी सगळे स्वर वाजवणारा एकच फुल-रेंज ड्रायव्हर आणि सगळीकडून बंद पेटी, एवढंच करा. वूफर आणि ट्वीटर वेगळे घेतले की मध्ये दोघांत स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर येतो आणि त्याचं गणित नवख्याला गोंधळात टाकतं. बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची कल्पना अमेरिकेतल्या एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली ‘एआर-१’ या स्पीकरमधून बाजारात आणली. लहान पेटीतून खोल खर्ज मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं.

पेटीचं आकारमान अंदाजाने ठरवू नका. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत त्याचं गणित पक्कं बसवलं. चांगल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात: एफएस (ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (त्याचं कंपन किती आवरलं जातं याचा आकडा) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाएवढं हवेचं आकारमान). समजा, ते अनुक्रमे ४५ हर्ट्झ, ०.४५ आणि २० लिटर आहेत. बंद पेटीसाठी एकूण क्यू ०.७०७ धरतात. ०.७०७ला ०.४५ने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि त्यातून १ वजा करा. येतात १.४७. व्हीएएसला, म्हणजे २० लिटरला, या आकड्याने भागलं की पेटीचं आतलं आकारमान मिळतं: साधारण १३.६ लिटर. अशा पेटीत स्पीकर सुमारे ७१ हर्ट्झपर्यंत भक्कम उतरतो. ज्या ड्रायव्हरसोबत हे तीन आकडे मिळत नाहीत, तो घेऊ नका.

लाकूड १८ मिलिमीटरचं घ्या. एमडीएफ कापायला सोपं आणि आवाजाला शांत असतं, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली त्याची कड पाणी पिऊन फुगते. तिथे चांगल्या प्रतीचा प्लाय बरा. एमडीएफच वापरायचं असेल, तर आतून-बाहेरून सर्व कडांना सीलर लावा. सांधे हवाबंद हवेत. आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलतात ना, हे पाहायला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर जोडा. अधिक टोकाला अधिक जोडल्यावर कागदी कोन बाहेर यायला हवा. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले, तर खर्ज गायब होतो आणि गायक मध्यभागी उभा राहत नाही.

दुसरा टप्पा: ॲम्प्लिफायर

घरच्या खोलीत किती वॅट लागतात, याबद्दल फार गैरसमज आहेत. १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर १० वॅटला ९८ डेसिबल देतो. तेवढा आवाज हॉलमध्ये मोठाच वाटतो. त्यामुळे २० वॅटचा स्वच्छ ॲम्प्लिफायर पुरतो.

आपल्याकडे कित्येकांचा पहिला ॲम्प्लिफायर ४४४० या आयसीवर झाला. तो आयसी मूळचा कार स्टिरिओसाठीचा, स्वस्त आणि काटक. आज त्याहून चांगले पर्याय सहज मिळतात. अगदी पहिल्यांदा करत असाल, तर टीपीए ३११६ या चिपचा तयार बोर्ड घ्या. तो २४ व्होल्टच्या किंवा जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणजे २३० व्होल्टला हात लावावाच लागत नाही. सोल्डरिंगचा हात बसला की एलएम १८७५ किंवा एलएम ३८८६वर स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधा. त्यात हीटसिंक मोठा घ्या आणि सगळ्या ग्राउंडच्या तारा एकाच बिंदूवर आणून जोडा. घरगुती ॲम्प्लिफायरमधली बरीचशी घूं घूं ग्राउंडच्या तारा वाटेल तिथे जोडल्याने येते.

हा छंद जुना आहे. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा छापला आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. तो व्हॉल्व्हवर चालणारा होता. व्हॉल्व्हचं आकर्षण मोठं असलं, तरी त्यात ३०० ते ४०० व्होल्ट डीसी खेळत असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. व्हॉल्व्हकडे पहिल्या वर्षी वळू नका.

तिसरा टप्पा: फोनो प्रीॲम्प

हा भाग आकाराने सर्वांत लहान आणि शिकायला सर्वांत समृद्ध आहे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट येतात. ॲम्प्लिफायरला त्याच्या शंभरपट हवे असतात. पण नुसतं मोठं करून भागत नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाच फार रुंद होऊन एका बाजूवर मावणारा वेळ घटला असता. वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते परत कमी केले की त्यांच्यासोबत पृष्ठभागाची खरखरही कमी होते. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, १९५४ साली हे प्रमाण ठरवून दिलं. वाजवताना त्याच्या बरोबर उलट करायचं असतं: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९.३ डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झला सुमारे १९.६ डेसिबल घट.

हे सगळं काम एनई ५५३२ हा एकच स्वस्त आयसी आणि मूठभर सुटे भाग करतात. गुणवत्ता ठरते ती भागांच्या अचूकपणावर. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्मचे घ्या. कपॅसिटर फिल्मचे घ्या, दहा-बारा एकदम आणा आणि मीटरवर मोजून जोड्या लावा. डाव्या आणि उजव्या बाजूंत फरक पडला, तर गायक एकीकडे सरकतो. कार्ट्रिजच्या समोर ४७ किलोओहमचा भार हवा आणि जोडणारी वायर आखूड हवी, कारण लांब वायरची कपॅसिटन्स वरच्या स्वरांचा तोल बिघडवते. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, हातभर लांब ठेवा. ४ मिलिव्होल्टच्या शेजारी ट्रान्सफॉर्मर बसवला, तर त्याची गुणगुण गाण्यात उतरणारच.

रेकॉर्ड लावण्याआधी हा भाग मोजून घ्या. मोबाइलवर १ किलोहर्ट्झचा सूर वाजवा, तो १० किलोओहम आणि १०० ओहमच्या विभाजकातून नेला की शंभरपट लहान होतो. हाच सूर इनपुटला द्या. मग त्याच पातळीचा १०० हर्ट्झचा सूर द्या. बाहेर येणारा व्होल्टेज साडेचारपट व्हायला हवा. १० किलोहर्ट्झला तो १ किलोहर्ट्झच्या साधारण पाचव्या भागावर यायला हवा. साध्या मल्टीमीटरला १० किलोहर्ट्झ नीट मोजता येत नाही, त्यासाठी संगणकाचं लाइन-इन आणि ध्वनिमापनाचं एखादं मोफत सॉफ्टवेअर वापरा. आकडे जुळले की पुढे जा.

चौथा टप्पा: फिरणारा भाग

आता टर्नटेबल. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी, म्हणजे १.८ सेकंदांत एक फेरी, शांतपणे फिरवणं. सुई मायक्रॉनमध्ये मोजावे लागणारे चढउतार वाचत असते. बेअरिंगची घरघर, मोटरची थरथर, शेजारच्या स्पीकरचा धक्का, हे सगळं तिला गाण्यासारखंच वाटतं.

बैठक जड आणि ठाम हवी. २५ मिलिमीटर प्लायचे दोन थर चिकटवून उत्तम बैठक होते. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापणारे कारागीर मापाप्रमाणे दगड कापून त्याला भोकंही पाडून देतात. परदेशातले हौशी लोक जुन्या गॅरार्ड आणि लेन्को यंत्रांना पाटीच्या दगडाची बैठक करतात, त्याच जातीचा हा उपाय आहे. दुसरी पद्धत व्हिलचर यांचीच. १९६१च्या एआर टर्नटेबलमध्ये त्यांनी प्लॅटर आणि टोनआर्म एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली आणि मोटर वेगळी ठेवली. ती पद्धत सुंदर आहे, पण स्प्रिंगा जुळवायला सराव लागतो. पहिलं यंत्र जड बैठकीचंच करा.

बेअरिंग लेथवर करून घ्या. महाराष्ट्रात हे काम करणारे कुशल टर्नर भोसरीपासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापर्यंत प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत. १० मिलिमीटरचा घासून चकचकीत केलेला पोलादी दांडा, गनमेटलचं बुश आणि दांड्याच्या टोकाखाली पोलादी छर्रा, एवढीच रचना. वरचं टोक रेकॉर्डच्या भोकात अलगद बसेल असं हवं, म्हणून टर्नरकडे जाताना एक टाकाऊ रेकॉर्ड सोबत न्या. प्लॅटरसाठी ३० मिलिमीटर जाड ॲक्रिलिक चांगलं. २९० मिलिमीटर व्यासाची अशी चकती सुमारे २.४ किलोची होते आणि तिचं वजनच वेग स्थिर ठेवतं. टर्नरला आधी प्लॅटर दांड्यावर बसवायला सांगा आणि मग कड छाटायला सांगा. तरच ती खरी गोल फिरते.

मोटरसाठी २४ पोलची सिंक्रोनस एसी मोटर सर्वांत सोपी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला २५० फेरे करते. प्लॅटर २९० मिलिमीटरचा आणि बेल्ट १ मिलिमीटर जाड असेल, तर पुलीचा व्यास साधारण ३७.८ मिलिमीटर येतो. ४५ फेऱ्यांसाठी तीच पुली ५१.४ मिलिमीटरची. टर्नरला आधी किंचित मोठी करायला सांगा, मग वेग तपासून उतरवा. पुलीचं भोक मध्यापासून ०.०५ मिलिमीटर सरकलं, तरी वेग पाव टक्का वरखाली होतो. पियानो आणि सतारीचे लांब स्वर त्याने डोलू लागतात. मोटर बैठकीला थेट न जोडता रबरावर किंवा वेगळ्या ठोकळ्यावर बसवा. तिच्या २३० व्होल्टच्या जोडणीत फ्यूज आणि अर्थिंग हवंच. ती जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वेग मोजायची सोपी युक्ती आहे. कागदावर १८० समान रेषांची गोल चकती छापा आणि प्लॅटरवर ठेवा. खोलीत अंधार करून निऑन दिव्याच्या उजेडात पाहा. जुन्या टेस्टरमधला किंवा स्विचबोर्डवरचा नारिंगी दिवा चालतो, कारण तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल, तर रेषा थांबलेल्या दिसतात. दहा सेकंदांत एक रेष पुढे सरकली, तर चूक फक्त ०.१ टक्के आहे. तेवढी चूक कानाला लागत नाही.

पाचवा टप्पा: टोनआर्म

पहिल्यांदा टोनआर्म विकत घेतलात, तरी काही कमीपणा नाही. पण हा भाग घरी करण्यात भूमिती जिवंत होते. सर्वांत सोपा प्रकार युनिपिव्हट, म्हणजे एका अणकुचीदार टोकावर तोललेला आर्म. वाटीसारख्या खळग्यात टोक बसतं आणि मागचं वजन टोकाच्या पातळीखाली ठेवलं की आर्म आपोआप स्थिर राहतो. दांडीसाठी कार्बन फायबरची बाणाची नळी, वाळलेला बांबू किंवा सागाची काठी, तिन्हींवर चांगले आर्म झाले आहेत.

मापं अशी: पिव्हटच्या टोकापासून सुईपर्यंत २३० मिलिमीटर, त्याच टोकापासून प्लॅटरच्या मधल्या दांड्यापर्यंत २१२ मिलिमीटर, म्हणजे सुई दांड्याच्या १८ मिलिमीटर पुढे जायला हवी. कार्ट्रिजचा तिरका कोन २४ अंश. या मापांनी सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर अंतरांवर खाचेला अगदी समांतर राहते आणि बाकी ठिकाणी विकृती कमीत कमी होते.

आर्म किती जड असावा, हे कार्ट्रिजवर ठरतं. आर्मचं परिणामी (म्हणजे सुईला जाणवणारं) वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचिकपणाच्या आकड्याने, गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झ यावं. १० ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमची कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि १५चा कंप्लायन्स असेल, तर १० हर्ट्झ येतात. जपानी कार्ट्रिजचा कंप्लायन्स अनेकदा १०० हर्ट्झला दिलेला असतो, तो दीडपट ते दुप्पट धरा.

घर्षण तपासायला ८० जीएसएमचा कागद पुरतो. त्याचा एक चौरस सेंटिमीटर ८ मिलिग्रॅमचा असतो. आर्म अधांतरी तोलून दोन-तीन चौरस सेंटिमीटरचा तुकडा सुईकडच्या टोकावर ठेवा. आर्म अलगद खाली गेला, तर पिव्हट उत्तम आहे. आतल्या चार तारा अगदी बारीक आणि मोकळ्या हव्यात. लाल उजव्याचा अधिक, हिरवी उजव्याचा उणे, पांढरी डाव्याचा अधिक, निळी डाव्याचा उणे.

जुळणी

पाणसळ लावून प्लॅटर सपाट करा. सुईचा भार सोनारांच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर मोजा, काट्यावरची जागा रेकॉर्डच्याच उंचीला आणून. बऱ्याच मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना २ ग्रॅमच्या आसपास भार लागतो. कंपनीने दिलेल्या मर्यादेतच, पण तिच्या वरच्या बाजूला राहा, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि रेकॉर्डचं जास्त नुकसान करते. वाजवताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसायला हवा. आत ओढला जाणारा जोर सावरायला दोऱ्याला टांगलेलं लहानसं वजन लावा. यंत्र स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका, भिंतीतल्या भक्कम फळीवर ठेवा.

ज्यांच्याकडे लाखेच्या ७८च्या तबकड्या आहेत, त्यांच्यासाठी खास सूचना. आपल्याकडे १९६०च्या दशकातही त्या निघत होत्या, त्यामुळे घरोघरी सापडतात. त्यांच्या खाचा रुंद असतात. एलपीची सुई त्यांच्या तळाशी घरंगळते आणि खरखर वाढते. सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई घ्या. पुलीही वेगळी, सुमारे ९० मिलिमीटरची लागेल. आरआयएएच्या आधीच्या तबकड्यांचं खर्ज-तारतेचं प्रमाण निराळं असतं, म्हणून ॲम्प्लिफायरवर बास आणि ट्रेबलचे खटके ठेवा.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. जुनी, बंद पडलेली यंत्रं मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पाहा. त्यातली मोटर आणि बेअरिंग चांगली असतील, तर अर्धं काम तिथेच होतं. पावसाळ्यात रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, आतलं कागदी पाकीट दमट असेल तर बदला आणि बुरशी आलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय नव्या सुईखाली आणू नका.

हे सगळं वाचून काम मोठं वाटेल, पण एकदम काहीच करायचं नाही. या महिन्यात फक्त स्पीकरच्या पेट्या करा. त्यात वाजणारं गाणं ऐकत पुढच्या टप्प्याचे आकडे मांडा. वहीत प्रत्येक माप तारीख घालून लिहून ठेवा, बिघाड शोधताना तीच वही कामाला येते. आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या. वर्गमूळ, कोन आणि घर्षण यांचा उपयोग त्यांना इथे हाताने करून पाहता येईल.